न बोलणाऱ्या पायांसाठी मोजे: पहिल्यांदा घेणाऱ्यांनी काय बघावं

भाच्याचं लग्न उरकून रात्री अकराला घरी आलो, मोजे काढून बादलीत टाकले आणि आडवा झालो. सकाळी बायको कपडे धुवायला बसली आणि तिनं मला हाक मारली. बादलीतलं पाणी गढूळ तांबूस झालं होतं. मोजे गडद निळे, त्यामुळे त्यांच्यावर डाग म्हणून काही दिसत नव्हता. उजव्या करंगळीवर फोड येऊन फुटला होता, कातडं सोलून बाजूला झालं होतं. आदला अख्खा दिवस मी त्याच पायांवर पाहुण्यांची ने-आण करत होतो. दुखलं असतं तर कुठेतरी टेकून बूट काढून पाहिलं असतं. दुखलंच नाही.

तोवर मला मधुमेह होऊन अकरा वर्षं झाली होती. ती जखम भरायला सात आठवडे लागले. कारण शोधलं तेव्हा सापडलं ते इतकंच: मोजा नवा होता, आणि बोटांवरच्या शिवणीच्या एका टोकाला आतून जोंधळ्याच्या दाण्याएवढी गाठ होती. ती बरोबर करंगळीवर बसत होती. मोजा घेताना दुकानदारानं "मऊ आहे, घालून बघा" म्हटलं, मी घालून बघितला, मऊच लागला.

घोळ इथेच होतो. ज्या पायाला नीट कळतच नाही, त्याला "कसं वाटतंय?" असं विचारून मोजा घ्यायचा नसतो. तो हातानं आणि डोळ्यांनी निवडायचा. त्यानंतर गेल्या काही वर्षांत मी स्वतःसाठी आणि साताऱ्याला राहणाऱ्या आईसाठी बरेच मोजे घेतले, त्यातले निम्मे वाया घालवले. तुमचे पैसे आणि मुख्य म्हणजे तुमचं कातडं वाचावं म्हणून हे क्रमानं लिहितोय.

१. आधी पायाला किती कळतं ते बघा

मोजे घ्यायला निघण्याआधी घरातल्या कुणाला तरी पाच मिनिटं बसवा. तुम्ही पाय सरळ करून पडा आणि डोळे मिटा. समोरच्यानं तर्जनीच्या टोकानं तुमच्या पायाच्या बोटांच्या टोकांना हलकेच, एक-दोन सेकंद स्पर्श करायचा. क्रम असा: उजवा अंगठा, उजवी करंगळी, डावा अंगठा, डावी करंगळी, मग उजवं मधलं बोट, शेवटी डावं मधलं बोट. दाबायचं नाही, चोळायचं नाही. स्पर्श कळला की तुम्ही "उजवा" किंवा "डावा" म्हणायचं. एखादी जागा हुकली तर तिथे पुन्हा हात लावून खात्री करत बसायचं नाही. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही, तर तुमच्या पायाची राखण करणारी संवेदना कमी झाली आहे असं धरा. इंग्लंडमधल्या इप्सविच गावाच्या नावानं ही चाचणी ओळखली जाते आणि घरीही करता येईल इतकी ती सोपी आहे.

डॉक्टरांकडे हेच काम १० ग्रॅम दाबाच्या नायलॉन तंतूनं करतात. तो तंतू वाकेपर्यंत तळव्याला टेकवतात. सोबत १२८ हर्ट्झचा कंपकाटा (ट्यूनिंग फोर्क) अंगठ्याच्या हाडावर ठेवून कंप कळतो का तेही बघतात, आणि पायाच्या नाड्या हातानं चाचपतात. मधुमेह असेल तर वर्षातून एकदा तरी हे करून घ्या. नाड्या तपासल्या गेल्या का, हे आवर्जून विचारा. पुढे सहाव्या पायरीवर त्याचा संबंध येतो.

पाय कोणत्या जातीचा आहे त्यावर मोजा ठरतो. बधिर पायाला घासणारी शिवण आणि गाठ हा धोका. आग होणाऱ्या, रात्री चादरीचा स्पर्शही नको वाटणाऱ्या पायाला खरखरीत कापड आणि घट्टपणा सोसत नाही. सुजणाऱ्या पायाचा शत्रू म्हणजे वरचं इलॅस्टिक. माझ्या आईचे पाय एकाच वेळी तिन्ही जातींचे आहेत, त्यामुळे "माझ्या पायाला फक्त सूज येते" म्हणून बाकीचं वाचायचं सोडू नका. मधुमेह नाही पण कातडं नाजूक आहे, शिवण टोचते, इलॅस्टिकखाली खाज सुटते, अशांनाही यातलं बरंच लागू पडेल.

२. माप संध्याकाळी घ्या

सकाळचा पाय आणि संध्याकाळचा पाय एक नसतो. दिवसभर उभं राहून, बसून, प्रवास करून पाय फुगतो. म्हणून माप संध्याकाळी सहानंतर घ्या.

भिंतीशी कागद पसरा, टाच भिंतीला टेकवून उभे राहा आणि पेन्सिल सरळ उभी धरून दुसऱ्या कुणाला तरी पायाची कड आखायला सांगा. बसून नाही, अंगाचा भार टाकून. दोन्ही पायांची आखा, मोठा निघेल तो धरा. लांबी टाचेपासून सगळ्यात लांब बोटापर्यंत. पुष्कळांचं अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यापेक्षा लांब असतं, आणि मोजा तोकडा पडला की तेच आधी दुमडतं. मग शिंप्याच्या टेपनं घोट्याच्या चार बोटं वरचा घेर आणि पोटरीच्या सगळ्यात जाड भागाचा घेर लिहून ठेवा.

हा खटाटोप कशाला, तर आपल्याकडे मोजे बहुतेक "फ्री साइज" म्हणून विकतात. फ्री साइज म्हणजे मधल्या मापाच्या पुरुषाच्या पायाला बसणारं माप. सहा नंबरच्या पायाला तो मोठा होतो, टाचेचा खिसा घोट्यावर चढतो आणि तळव्याखाली चुण्या पडतात. दहा नंबरच्या पायाला तो बोटं आवळतो. चुणी आणि आवळणं दोन्ही सारखंच वाईट. पाकिटावर "६ ते ८", "९ ते ११" असं बुटाच्या नंबरात माप छापलेलेच मोजे घ्या. आणि तुमचा नंबर कॉलेजात असतानाचा धरून चालू नका, वयाबरोबर पाय पसरतो.

३. सोबत काय न्यायचं

- आखलेला कागद आणि घेरांची नोंद
- शिंप्याची टेप
- जवळचा चष्मा (हसू नका, दुकानातल्या उजेडात आतली शिवण दिसत नाही)
- ज्या बुटात किंवा सँडलमध्ये मोजा घालणार ते पादत्राण
- तुम्ही आता वापरता त्यातला सगळ्यात बरा मोजा, तुलनेसाठी

ऑनलाइन मागवणार असाल तर एकच गोष्ट बघा: परत घेतात का. बरेच जण मोजे आतल्या कपड्यांत मोजतात आणि पाकीट फोडलं की परत घेत नाहीत. अशा वेळी आधी एकच जोडी मागवा. सहाचा स्वस्त पॅक हा मोह मी केला आहे. त्यातले पाच मोजे आज गाडी पुसायला आहेत.

४. मोजा उलटा करा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. दुकानात मोजा सुलटा बघून काही कळत नाही, कारण कारखान्यानं सगळी घाण आत ढकललेली असते. मोजा पूर्ण उलटा करा, आत मूठ घाला आणि मूठ उघडून तो ताणा.

पहिल्यांदा बोटांवरची आडवी शिवण. साध्या मोज्यात ती दोरीसारखी उभी राहते आणि तिच्या दोन्ही टोकांना धाग्याची शेपटी किंवा गाठ असते. एक टोक अंगठ्याच्या कडेला येतं, दुसरं करंगळीच्या. शिवणीवरून अंगठ्याचं नख आडवं फिरवा. नख अडलं तर ठेवून द्या. चांगल्या मोज्यात दोन्ही बाजूंचे टाके एकेक जुळवून सांधलेले असतात आणि नख जवळपास सरळ सरकतं. पाकिटावर "सीमलेस" लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नका. मी "सीमलेस" लिहिलेल्या मोज्यात वर उठलेली शिवण पाहिली आहे.

हात फिरवताना बोटांऐवजी मनगटाची आतली बाजू वापरा. खूप वर्षांचा मधुमेह असेल तर हाताच्या बोटांनाही कमी कळतं. आईला मी सांगतो, मोजा गालाला लावून बघ. तिला ते पटतं, कारण नातवंडांचं अंगडं ती तसंच बघायची.

मग धाग्यांचे झोल. चौकटी, पट्ट्या, कार्टून असलेल्या मोज्यांत एका रंगाचा धागा आतून पुढच्या जागेपर्यंत लोंबत नेलेला असतो. त्यात नख अडकतं. बधिर पायाचं नख त्यात अडकून मोजा ओढला गेला तर नखाचं मूळ उचकटतं आणि कळतही नाही. म्हणून नक्षी नको, किंवा फक्त घोट्याच्या वर असलेली चालेल.

टाचेचा खिसा खोल आहे का बघा. ज्या मोज्याला टाचच नाही, नुसती नळी आहे, तो चालताना फिरतो. खिसा नीट बसला की मोजा जागेवर राहतो आणि वर घट्ट इलॅस्टिकची गरजच कमी होते.

वरची कड दोन्ही हातांनी ताणा. तुमच्या पोटरीच्या घेराइतकी ती सहज, जोर न लावता ताणली गेली पाहिजे. कडेत रबराची वेगळी पट्टी बसवली असेल तर नको. उभ्या रेघांची विणच कडेपर्यंत गेलेली असेल तर ती ताण सगळीकडे सारखा वाटते आणि पाय कापत नाही.

आणि एक अगदी साधी गोष्ट. नव्या जोडीचे दोन मोजे पत्र्याच्या छोट्या क्लिपनं किंवा प्लास्टिकच्या दोऱ्यानं अडकवलेले असतात, बहुतेक बोटांच्या बाजूलाच. घरी आल्यावर कात्रीनं काढा, ओढून नाही, आणि तुटलेला तुकडा आत राहिला नाही ना हे मोजा उलटा करून झटकून बघा. आतल्या बाजूला स्टिकर असेल तर तोही.

मनासारखा मोजा मिळालाच नाही तर? साधा मोजा उलटा घाला, शिवण बाहेर. मी ऑफिसात दोन महिने तसा गेलो, एकानंही विचारलं नाही. बूट त्या जागी घट्ट नाही ना एवढं मात्र बघा.

५. कापड

"शंभर टक्के सुती" ही आपल्याकडची शाबासकीची थाप आहे. पण निव्वळ सुती मोजा घाम पितो आणि ओलाच राहतो, शिवाय दोन धुण्यांत सैल पडून चुण्या पाडतो. सुताचं प्रमाण जास्त, जोडीला नायलॉन किंवा पॉलिएस्टर आणि दोन ते पाच टक्के ताणणारा धागा (पाकिटावर स्पँडेक्स, इलास्टेन किंवा लायक्रा लिहिलेलं असतं), असं मिश्रण रोजच्या वापराला मला चांगलं वाटलं. ज्यांना पायाला फार घाम येतो त्यांना घाम बाहेर ओढणारं पॉलिएस्टर सुतापेक्षा बरं. उलट मधुमेहात मज्जातंतूंबरोबर घाम येण्याची यंत्रणाही मंदावते, पाय कोरडा पडतो, टाचांना भेगा जातात. तसा पाय असेल तर सुताची काळजी करायचं कारण नाही.

"बांबूचे मोजे" म्हणजे बांबूच्या लगद्यापासून काढलेला व्हिस्कोस नावाचा धागा. मऊ असतात, आग होणाऱ्या पायांना आवडतात. पण त्यांना बांबूचे जंतुनाशक गुण आहेत असं सांगून दाम दुप्पट लावत असतील तर सोडून द्या. चांदीचे धागे, तांब्याचे धागे, चुंबक, "रक्ताभिसरण वाढवणारा मोजा" या सगळ्यांना माझं एकच उत्तर: मोजा काही बरं करत नाही, त्यानं नुकसान करू नये एवढंच आपण बघतोय.

तळाला टॉवेलसारखी फुगीर वीण असलेले मोजे येतात, त्यांनी घासणं कमी होतं. पण त्याची गंमत सातव्या पायरीवर आहे.

रंग पांढरा किंवा फिकट. का, ते वर बादलीच्या निमित्तानं सांगून झालंय. ऑफिसला काळा बूट असला तरी मी आता फिकट राखाडी घालतो. पू किंवा रक्त पाझरलं तर संध्याकाळी मोजा काढताच दिसतं.

६. "डायबेटिक" आणि "कॉम्प्रेशन" हे दोन वेगळे मोजे

हा सापळा सगळ्यात धोक्याचा. आईच्या पायाला सूज असायची. एका औषधाच्या दुकानात "शुगरवाल्यांचे मोजे द्या" म्हटल्यावर काउंटरवरच्या मुलानं गुडघ्यापर्यंतचे घट्ट मोजे काढून दिले. आईनं दोन दिवस ते घातले, ओढून घालताना तिची दमछाक, काढताना माझी. तिसऱ्या दिवशी बोटं थंड आणि निळसर दिसली म्हणून डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पाकीट मागवलं आणि आधी ते मोजे बंद केले.

डायबेटिक मोजा सैल असतो. त्याचं कामच न आवळणं. कॉम्प्रेशन मोजा मुद्दाम आवळतो, घोट्याशी जास्त आणि वर कमी. त्याच्या पाकिटावर १५–२० किंवा २०–३० असे आकडे आणि पुढे दाबाचं एकक, म्हणजे मिलिमीटर पारा, छापलेलं असतं. असा आकडा दिसला की थांबा. शिरांच्या आजारात, काही प्रकारच्या सुजेत त्याचा चांगला उपयोग होतो, पण पायाकडे रक्त आणणाऱ्या रोहिण्याच अरुंद झाल्या असतील तर तो उरलासुरला पुरवठाही दाबतो. म्हणून तो घालण्याआधी पायाच्या नाड्या बघाव्या लागतात, कधी घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून तुलना करावी लागते. मधुमेहात रोहिण्यांच्या भिंती कडक झाल्या असतील तर ती तुलनाही फसवते आणि सगळं ठीक असल्यासारखा आकडा येतो. सूज का येते हे आधी डॉक्टरांनी ठरवू दे. हृदय, मूत्रपिंड, एखादं औषध, काहीही असू शकतं. दुकानातल्या मुलानं ठरवायची ती गोष्ट नाही.

मागताना शब्द नेमके वापरा: "लूज टॉप, नॉन-बाइंडिंग, बिनशिवणीचे, कॉम्प्रेशन नको." पाकिटावर नुसतं "डायबेटिक" लिहिलेलं असणं याला फारसा अर्थ नाही, मोजा चौथ्या पायरीतून गेला पाहिजे.

७. मोजा बुटाबरोबर घ्या, चपलेबरोबर जुळवा

जाड, फुगीर मोजा जुन्या बुटात कोंबला की बूट एक नंबरनं लहान होतो. मऊपणासाठी घेतलेला मोजा बोटं चिमटतो. म्हणून नेहमी मोजा घालून बूट घालून बघा. बुटाच्या आत पायाच्या पुढे एक ते दोन सेंटिमीटर जागा उरली पाहिजे. बूट जुना आणि घट्ट असेल तर पातळ, बिनशिवणीचा मोजा घ्या; जाड मोजा नव्या बुटासोबत.

आपल्याकडे खरी अडचण बुटाची नाही, चपलेची आहे. अंगठ्याच्या चपलेत मोजा घालायचा म्हणून बायका अंगठा वेगळा असलेले मोजे घेतात. त्यांत अंगठ्याच्या बेचक्यात शिवण येते आणि वर चपलेचा पट्टा तिथेच घासतो. बधिर पायाला ही जोडी नकोच. मागे पट्टा असलेली, बोटं झाकणारी किंवा निदान रुंद पट्ट्याची सँडल घ्या. एमसीआर चप्पल, म्हणजे मऊ सूक्ष्मछिद्री रबराची, तुम्ही ऐकली असेल. तिचा उगम कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांसाठी वेल्लोरला झालेल्या कामात आहे. मधुमेहाच्या पायाला ती आपसूक लागू पडली, कारण दोन्हीकडे दुखणं एकच, न दुखण्याचं. तीही मागे पट्टा असलेलीच घ्या. नुसती सरकवायची घेतली तर ती पायात धरून ठेवायला बोटं सतत आकसलेली राहतात.

आणि जोडवी. आईच्या सुजलेल्या बोटांत जोडवी रुतली होती आणि वर मोजा चढवला की ती शेजारच्या बोटात घुसायची. वडील आहेत, त्यामुळे "जोडवी काढ" म्हणणं सोपं नव्हतं. तिला मी समजावून थकलो, शेवटी सोनारानंच काम केलं. त्यानं रुतलेली जोडवी कापून काढली, नवी सैल, गुळगुळीत आणि उघड्या तोंडाची करून दिली, आणि "सणावारी घाला काकू, घरात असताना" असं सांगितलं. सोनाराचं तिनं ऐकलं. तुमच्या घरी हा विषय निघाला तर बोट सुजायच्या आधी काढा. सुजल्यावर साबण लावूनही निघत नाही.

८. पहिला दिवस: तासाभराची परीक्षा

नवा मोजा आधी एकदा धुवा, रंग आणि खळ जाऊ द्या. मग घरात, नेहमीच्या पादत्राणासह तासभर घाला, काढा आणि पाय बघा. कुठे लाल झालंय? बोटाने दाबून सोडल्यावरही लाली हटत नाही अशी जागा असेल तर मोजा बाद.

दुसरी परीक्षा संध्याकाळी. दिवसभर घालून काढल्यावर पोटरीवर विणीची नक्षी थोडी उमटणारच. पण बोट फिरवल्यावर खाच लागत असेल, आणि अर्ध्या तासानं वळ तसाच असेल, तर कड घट्ट आहे. घट्ट कड दुमडून खाली घालणं हा सगळे करतात तो उपाय तर आणखी वाईट, दुमडली की दुप्पट आवळते. कडेला कात्री लावून चिरा देणारेही पाहिले आहेत. मोजा उसवतो आणि धागे आत लोंबतात.

तळवा बघायला खाली वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवा. दाढीचा जुना आरसा चालतो.

९. रोजचं घालणं आणि धुणं

पाय धुतल्यावर बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, चोळून नाही, टिपून. मलम किंवा तेल टाचेला, तळव्याला लावा. बेचक्यांत लावू नका. तिथे ओल राहिली की चिखल्या होतात, कातडं पांढरं पडून फाटतं आणि तिथून जंतू शिरतात. पावसाळ्यात पिशवीत एक कोरडी जोडी प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा. मोजे भिजले तर ऑफिसात पोहोचताच बदला. "वाळतील पायातच" हे आपलं पेटंट वाक्य इथे चालत नाही.

मोजा पायात ओढू नका. तो टाचेपर्यंत गोळा करून बोटं आत घाला, मग टाच बसवा, मग वर न्या. शेवटी तळव्यावरून हात फिरवून चुण्या काढा. बूट घालण्याआधी बुटात हात घालून चाचपा. खडा, खिळ्याचं टोक, सुटलेलं अस्तर, कोकणात तर विंचूही.

रोज नवी जोडी. म्हणून किमान सहा लागतात, पावसाळ्यात आठ. उलटे करून धुवा, पाणी कोमट किंवा साधं. कपडे मऊ करणारं द्रव घालू नका, त्याचा थर बसून मोजा घाम शोषत नाही. वाळवताना कडेला चिमटा लावून टांगू नका, कड लांबते. बोटांच्या बाजूला लावा.

रफू नाही. हे आईच्या पिढीला सांगणं जड जातं. रफूची गाठ म्हणजे तीच माझी जोंधळ्याची गाठ. भोक पडलं की मोजा संपला. भोकातून बोट बाहेर येतं आणि कड त्याच्याभोवती फासासारखी बसते. टाच पातळ होऊन उजेड दिसायला लागला की काढून टाका.

१०. घरात, देवळात, रात्री

घरात नुसत्या मोज्यांवर हिंडू नका. फरशीवर घसरतं, आणि मोज्यानं टाचणी अडत नाही. घरातली वेगळी चप्पल ठेवा. स्वयंपाकघरात सुद्धा, हो, स्वयंपाकघरात सुद्धा. आईशी या एका मुद्द्यावर माझा वर्षभर वाद चालला, शेवटी कधीही बाहेर न नेलेली, नवी कोरी चप्पल "ओवळी नाही" म्हणून मान्य झाली.

देवळात चप्पल काढावीच लागते. एप्रिल-मेच्या दुपारी दगडी फरशीवर प्रदक्षिणा घालून तळवे भाजलेले लोक रात्री फोड बघतात तेव्हा त्यांना समजतं. दर्शन सकाळी लवकर घ्या, आणि मोजे चालतात का ते विचारून जाड मोजे घाला. ते चपलेची जागा घेत नाहीत, फक्त दारापासून गाभाऱ्यापर्यंतचं अंतर निभावतं. बाहेर आल्यावर तळवा बघा.

रात्री पाय गार पडतात म्हणून गरम पाण्याची पिशवी किंवा शेक नको. बधिर पाय भाजला तरी सांगत नाही. त्याऐवजी सैल मोजे घालून झोपा. दिवसभर घातलेले मात्र नाही, धुतलेले.

११. मोजे बाजूला ठेवून डॉक्टरकडे जायची वेळ

फोड, जखम, पाझर, वास, काळपट बोट. एक पाय दुसऱ्यापेक्षा स्पष्ट गरम लागणं. पाय अचानक लाल आणि सुजलेला दिसणं, न दुखता सुद्धा. बधिर पायात आतली हाडं मोडत असली तरी बाहेरून एवढंच दिसतं. यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दाखवा, आणि तोवर त्या पायावर शक्य तितकं कमी चाला. फोड सुईनं फोडू नका. कुरूप किंवा घट्टा ब्लेडनं कापू नका, कुरूप काढायच्या पट्ट्याही लावू नका. त्यातलं आम्ल चांगलं कातडंही खातं.

१२. आईवडील लांब असतील तर

तुम्ही पुण्यामुंबईत किंवा परदेशात आणि ते गावाला असतील, तर मोजे कुरिअरनं पाठवण्याआधी घरी उलटे करून, क्लिप काढून, एकदा धुऊन पाठवा. बाहेरून पाठवणाऱ्यांनी माप तिकडच्या नंबरात घेऊ नये. आखलेल्या कागदाचा फोटो पट्टी शेजारी ठेवून मागवा आणि सेंटिमीटरमध्ये जुळवा. लोकरीचे जाड मोजे इथल्या हवेला नकोत.

जुने मोजे फेकून द्यायला सांगितलेत तर ते फेकले जाणार नाहीत, "चांगले आहेत" म्हणून कपाटात मागे जातील. पुढच्या खेपेला गेलात की स्वतः पिशवी भरून बाहेर न्या.

आणि फोनवर "पाय बरे आहेत ना?" असं विचारू नका. उत्तर कायम "हो" असतं. मी आईला रविवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉल करतो, आधी मोजा काढून कॅमेऱ्यापुढे धरायला सांगतो, मग पाय. वडील टॉर्च धरतात. तळवा, टाच, मग बोटं एकेक बाजूला करून बेचक्या. तीन मिनिटं लागतात. त्यानंतर ती मला म्हणते, "आता तुझा दाखव."